कोऱ्या बाटलीचा निकाल

मला सगळे बाटलीताई म्हणतात. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं नमुने गोळा करते, खांद्याला बाटल्यांची पेटी अडकवून टाक्या आणि नळ पालथे घालते, म्हणून हे नाव पडलं. नवा माणूस ते ऐकून दचकतो आणि वास घेतल्यासारखं नाक हलवतो. मला त्यात मजा वाटते.

आमच्या पेटीत नेहमी एक बाटली जास्तीची असते. तिला आम्ही कोरी म्हणतो. ती प्रयोगशाळेतच उकळून निर्जंतुक केलेल्या पाण्याने भरून निघते. बाकीच्या बाटल्या जिथे उघडतात तिथे तिचंही झाकण उघडायचं, तितकाच वेळ ठेवायचं, बंद करायचं आणि परत आणून तिलाही सगळ्यांच्या रांगेत तपासायचं. तिच्यात काही सापडता कामा नये, कारण तिच्यात काही नव्हतंच. सापडलं, तर घाण आपल्या हातची आहे असं समजायचं आणि त्या दिवशीच्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतायच्या. ही शिस्त आमच्या जुन्या साहेबांची. ते म्हणायचे, कोऱ्या बाटलीकडे कुणाचा वशिला चालत नाही.

सत्तावीस वर्षांत माझी कोरी दोनदाच खराब निघाली होती. तिसऱ्यांदा निघाली तेव्हाची ही गोष्ट.

झालं असं, की वरच्या वस्तीतली अकरा मुलं एका आठवड्यात जुलाब-उलट्यांनी आजारी पडली. दोघांना दवाखान्यात ठेवावं लागलं. वस्तीला पाणी येतं टेकडीवरच्या टाकीतून आणि त्या टाकीवर जंतुनाशक औषध टाकायला, झडपा उघडायला, नोंदी ठेवायला जो माणूस आहे तो माझ्या ताईचा नवरा, म्हणजे माझे भावजी. पालिकेची निवडणूक तीन आठवड्यांवर होती. मग काय, आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. एका पक्षाचे एक पुढारी आहेत, त्यांच्या घरी स्वतःचा कर्णा आहे, म्हणून त्यांना माईकवाले म्हणतात. ते चौकात उभे राहून ओरडायला लागले, की टाकीवरचा माणूस मागच्या सत्तेतल्यांनी चिकटवलेला आहे आणि तो आपल्या लेकरांना विष पाजतोय. दुसऱ्या पक्षाचे लोक म्हणायला लागले, मुलं आजारी-बिजारी नाहीतच, हा सगळा बदनामीचा डाव आहे. आई-बापांचं तोंड भीतीने पांढरं पडलेलं आणि यांचं हे चाललेलं.

पालिकेने ठरवलं, गुरुवारी शाळेच्या सभागृहात बैठक घ्यायची. प्रयोगशाळेचा निकाल तिथे वाचायचा. पाणी खराब निघालं तर भावजींना तिथल्या तिथे घरी बसवायचं. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती.

आता माझं आणि भावजींचं सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा भावजी बाबांना पोचवायला आले नाहीत. ‘टाकीवर ड्युटी आहे, सोडत नाहीत’ एवढा निरोप. सख्खा जावई! बाबा म्हणजे माझं सगळं जग होते. आई लवकर गेली, लग्न मी केलं नाही, घरात आम्ही दोघंच. ज्या माणसाला बाबांनी मुलासारखं वागवलं, त्याने एक दिवस काढू नये? त्या दिवसापासून मी भावजींशी बोलणं टाकलं. ते आमच्याकडे फिरकले नाहीत, मीही बोलावलं नाही. ताई मधल्या मधे भरडली गेली. दर रविवारी यायची, माझ्याशी बोलायची आणि जाताना म्हणायची, “सोड ना गं आता.” मी म्हणायची, “मी काही धरून ठेवलंय का?” धरूनच ठेवलं होतं, चांगलं दोन्ही हातांनी.

सोमवारी सकाळी मी टाकीवर गेले. भावजी नोंदवही घेऊन उभेच होते. केस आणखी पांढरे झालेले. त्यांनी आतून स्टूल आणलं, पुसलं.

“बस, धाकटे. चढ आहे, दम लागला असेल. चहा ठेवू?”

“मी कामावर आहे,” मी म्हटलं.

“बरं. मुलांचं काय ऐकलंस? दवाखान्यातल्या दोघांचं?”

“आत्ता आठवलं का तुम्हाला? माणसं संपायला आली, की ड्युटी आठवते ना तुम्हाला नेहमी!”

बोलून गेले. सहा वर्षांत त्यांच्याशी थेट बोललेलं हे माझं पहिलं लांब वाक्य. ते वही खाली ठेवून झडपेकडे गेले. त्यांच्या त्या पाठ फिरवण्याने मी जास्तच पेटले. जंतू मरावेत म्हणून नळाचं तोंड ज्योतीवर शेकलं, पाणी सोडलं, बाटल्या भरल्या, कोरीही उघडून बंद केली, वस्तीतल्या दोन घरांतल्या नळांचे नमुने घेतले आणि तरातरा परत आले.

पाणी आम्ही जांभळ्या द्रवाच्या नळ्यांमध्ये घालतो आणि उबदार पेटीत दोन दिवस ठेवतो. घाणीतले जंतू असतील तर जांभळा रंग पिवळा होतो. बुधवारी सकाळी मी पेटी उघडली. टाकीच्या पाचही नळ्या पिवळ्या.

खरं सांगते, मला आनंद झाला. अकरा लेकरं आजारी, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? सापडलास! माझी मलाच नंतर एवढी किळस आली, की ते लिहितानाही हात अडखळतोय. पण त्या क्षणी मी नळ्यांचा स्टँड हातात घेऊन उभी होते आणि मला मनातून थंड वाटत होतं.

मग रांगेतल्या शेवटच्या नळ्यांकडे नजर गेली. कोरीच्या. पाचपैकी दोन पिवळ्या.

माणसाचं मन किती हुशार असतं बघा. मी लगेच स्वतःला समजावायला लागले. दोनच आहेत की! टाकीच्या पाच आहेत. पाच म्हणजे पाच. कोरी थोडी बिघडली म्हणून काय टाकीतलं पाणी गंगाजळ होतं? निकालाच्या कागदावर कोरीचा रकाना सगळ्यात खाली असतो, बैठकीत तो कोण वाचणार आहे? माझ्यातली वकील एवढी भराभर बोलत होती, की एरवी मी तिला फी दिली असती.

आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नळ्या पाहिल्या.

“कोरी गेली,” त्या म्हणाल्या.

“दोनच आहेत, मॅडम.”

“हं. सोमवारी काय झालं?”

“काही नाही. नेहमीसारखंच.”

“नेहमीसारखं असतं तर नेहमीसारख्या जांभळ्या राहिल्या असत्या. आठव.”

झाकण आम्ही करंगळीत धरतो, खाली ठेवत नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. मी डोळे मिटून सोमवार आठवला आणि मला माझी झाकणं दिसली. रागाच्या भरात बाटल्या भरत होते आणि झाकणं ठेवली होती कठड्यावर. त्या कठड्यावर दिवसभर कबुतरं बसतात.

“कबुतरं,” मी म्हटलं.

“म्हणजे टाकीचं पाणी चांगलं आहे की वाईट?”

“माहीत नाही.”

“मग तेच लिही. सही तुझी आहे,” एवढं बोलून मॅडम निघून गेल्या. त्या कधी जास्त बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं अंगाला चिकटून राहतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मला काही सुधरेना. भात कुकरमध्ये तसाच राहिला. कठड्यावर झाकणं ठेवणारी बाई मी नव्हतेच असं सारखं वाटत होतं. रागाने माझ्याकडून सत्तावीस वर्षांचं काम बिघडवून घेतलं होतं. मग मनात आलं, पाण्यात जर या रागाने एवढी घाण केली, तर बाकी ठिकाणी काय काय केलं असेल?

आम्हा प्रयोगशाळेतल्यांना एक सवय असते. पाहिलं ते वेगळं, ठरवलं ते वेगळं. मी मनाशी मांडलं. पाहिलं काय? भावजी आले नाहीत, निरोप आला. ठरवलं काय? त्यांना बाबांची किंमत नव्हती, आमची नव्हती, माणूस आतून कोरडा आहे. पाहिलेलं एक वाक्य आणि ठरवलेलं सहा वर्षं पुरलेलं. मधलं तपासलेलं काय? काहीच नाही. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

तेवढ्याने मी ऐकते थोडीच. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, न येणं म्हणजे न येणं. आणि मग मला कोरीची आठवण झाली. या रागाची कोरी कुठली? ज्याच्यात घाण नाही याची मला खात्री आहे असं माणूस घ्यायचं, त्याला याच आरोपातून न्यायचं आणि बघायचं काय होतं. बाबा गेले तेव्हा आणखी कोण आलं नव्हतं?

मॅडम. मॅडम माझ्याच गल्लीत राहतात, चार घरं सोडून. त्या आल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “जमलं नाही गं,” आणि मी म्हटलं होतं, “असू दे हो मॅडम, तुमची धावपळ मला माहीत नाही का?” कारणसुद्धा विचारलं नव्हतं. आजतागायत मला ते ठाऊक नाही आणि मॅडमविषयी माझ्या मनात तीळभर किल्मिष नाही. त्याच दिवशीचं तेच न येणं. एकीला मी हसून माफ केलं, दुसऱ्याला सहा वर्षं फासावर चढवलं.

मी ओट्याला टेकून रडले. राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. दुःख खरं होतं. बाबांशिवायचं घर मला खायला उठत होतं आणि ते दुःख कुणाच्या तरी अंगावर टाकल्याशिवाय मला उभं राहता येत नव्हतं. भावजी हाताशी होते. बास, एवढंच.

गुरुवारी सभागृह खच्चून भरलं होतं. पोरांच्या बुटक्या बाकांवर बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेले. मागे ताई, तोंडाला पदर लावून. भावजी दाराशी उभे, जणू अर्धे आधीच बाहेर पडलेले. पालिकेचे अधिकारी म्हणाले, “निकाल वाचा.”

“निकाल नाही,” मी उभी राहून म्हटलं. “सोमवारचे नमुने बाद आहेत. घेताना चूक झाली. चूक माझी. उद्या पुन्हा घेणार.”

आणि मग जो गदारोळ! माईकवाल्यांना त्या दिवशी माईकची गरजच नव्हती. “मेहुणी आहे ती त्याची! घरचं माणूस वाचवतेय!” ते ओरडले. लोक उठून उभे राहिले. मला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाच्या बरबादीसाठी मी कालच मनातून नाचले होते, त्याला वाचवल्याचा आळ माझ्यावर! दवाखान्यातल्या मुलाचे वडील, पुस्तकं बांधायचं काम करतात ते, माझ्यासमोर येऊन म्हणाले, “बाई, माझा मुलगा सलाईनवर आहे आणि तुम्ही उद्या म्हणताय?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना मी काय सांगणार होते? कबुतरांचं?

“दादा, चुकीचं माणूस धरलं तर तुमच्या मुलाचा काही फायदा होणार नाही,” मी म्हटलं. “आज आपण यांना घरी बसवलं आणि घाण दुसरीकडूनच येत असली तर ती तशीच येत राहील आणि आपण निर्धास्त झोपू.” मग मी सगळ्यांकडे वळले. “मला एक सांगा. टाकीचं पाणी ज्यांच्या घरी जातच नाही, अशा कुणाचं मूल आजारी आहे का?”

हा प्रश्न मी आदल्या दिवशी, त्या ओट्यापाशीच, ठरवून ठेवला होता. आख्ख्या वस्तीलाही एक कोरी बाटली हवी होती.

माईकवाले म्हणाले, “हे काय भलतंच!” तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून कपडे शिवणारी एक बाई हळूच उभी राहिली.

“माझी मुलगी,” ती म्हणाली. “आम्ही ओढ्यापलीकडे. आमच्याकडे विहिरीचं पाणी. नळ नाही.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“सगळे चिडले होते ना साहेब. मधेच काही बोललं तर दुसऱ्या पक्षातली समजतील आपल्याला. मला इथंच राहायचंय.”

तिच्या मागून आणखी एक जण उठला. त्याच्याकडेही विहीर. मग दवाखान्यात काम करणाऱ्या परिचारिकेने फळ्यावर अकरा मुलं लिहून काढली, घर कुठलं, पाणी कुठलं, शाळा कुठली. दहा मुलं याच शाळेतली, ज्या छताखाली आम्ही बसलो होतो त्या. अकरावा त्यांच्यातल्याच एकाचा भाऊ, त्याच्या बाटलीतलं पाणी पिणारा. वस्तीत शाळा एकच, त्यामुळे शाळेकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. सगळ्यांनी एकदमच छताकडे बघितलं. वर गच्चीवर शाळेची टाकी होती.

“तिला झाकण आहे का?” कुणीतरी विचारलं आणि मुख्याध्यापकांनी खाली बघितलं.

मी तरीही म्हटलं, “हेही ठरवू नका अजून. उद्या तपासू.” गंमत बघा, आता शाळेवर तुटून पडायला निघालेले लोक माझ्यावर पुन्हा चिडले. पण ओरडायचं थांबून लोक एकमेकांना विचारायला लागले होते, तुझ्याकडे कुठलं पाणी येतं, तुझा मुलगा कधीपासून आजारी आहे. तेवढ्यावर बैठक संपली. शाळेच्या नळाला त्याच संध्याकाळी कुलूप लागलं.

शुक्रवारच्या बाटल्यांचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. कोरी स्वच्छ निघाली. शाळेच्या टाकीच्या पाचही नळ्या पिवळ्या. टेकडीवरच्या टाकीचं पाणी पास झालं, पण त्यात औषध अगदी काठावर होतं आणि त्याबद्दल भावजींना लेखी समज मिळाली. ती रास्तच होती. मुलं बरी झाली. माईकवाल्यांनी शाळेवर भाषण केलं, ते पहिल्यापासून हेच सांगत होते म्हणे.

पण मला सांगायचंय ते शुक्रवार सकाळचं. मी पुन्हा टाकीवर गेले. नमुना घेण्याआधी नळ दोन मिनिटं नुसता वाहू द्यावा लागतो. भावजींनी स्टूल पुढे केलं. या वेळी मी बसले.

“भावजी, एक विचारू?”

“विचार की.”

“बाबा गेले तेव्हा तुम्ही का नाही आलात?”

ते झडपेवरचा गंज अंगठ्याने खरवडत राहिले. “ड्युटी होती. कळवलं होतं ना.”

“कळवलं होतंत. पण होती का?”

“नव्हती.”

जुना राग पोटातून वर आला, अगदी ओळखीच्या वाटेने. मी त्याला येऊ दिलं आणि तोंड मात्र बंद ठेवलं.

“बाबा जायच्या चार दिवस आधी मी तुमच्याकडे आलो होतो,” ते म्हणाले. “तू कामावर होतीस. बाबांच्या मोरीचा नळ गळत होता, तो बसवायला. तेव्हाही निवडणूक होती. बोलता बोलता जुंपली. मी म्हटलं, तुमचे लोक चोर आहेत. ते म्हणाले, तुझे दरोडेखोर. मग उठून उभे राहिले. म्हणाले, चालता हो, पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. मी मेलो तरी येऊ नकोस. आणि चौथ्या दिवशी गेलेच. मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलो होतो, धाकटे. पाय पुढे पडेना. माणसाने तोंडाने सांगितलेलं शेवटचं… ते कसं मोडायचं? तुझ्या ताईला सांगितलं नाही. तिच्या बापाने असं म्हटलं, हे तिला कशाला कळायला हवं. त्यापेक्षा ड्युटी बरी.”

मला आधी हसू फुटलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. आणि मग मला रडू आवरेना.

“भावजी, ते मला आठवड्यातून दोनदा म्हणायचे. मी मेलो तरी येऊ नकोस. भाजी आणायला उशीर झाला की म्हणायचे. पेपर टाकणाऱ्याला म्हणायचे, डॉक्टरला म्हणायचे. एकदा रेडिओवर बातम्या देणाऱ्याला म्हणाले होते.”

भावजींचा हात झडपेवर तसाच राहिला.

“तुम्ही गेलात ना, तर दुसऱ्या दिवसापासून तुमची चौकशी. आज आला नाही का? आज पण नाही? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाले, जावई रुसलाय वाटतं, उद्या मीच जातो टाकीवर. कशावरून रुसलाय ते काही सांगितलं नाही. मला वाटलं, असेल काहीतरी. आणि दुसऱ्या दिवशी गेलेच. तेच माझ्या डोक्यात बसलं. बाबा शेवटपर्यंत विचारत होते आणि तुम्ही आला नाहीत. त्याचाच राग धरला मी.”

ते सावकाश जमिनीवर बसले, टाकीच्या भिंतीला पाठ लावून. म्हातारे दिसले एकदम.

“मीच जातो म्हणाले?”

“हो. बूट पुसून ठेवले होते.”

त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मग म्हणाले, “हे तू मला सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस.”

मी म्हटलं, “हो. सांगायला हवं होतं.”